रातांब्यांच्या मोसमातले खडे

रातांबा लाल झाला की माझा हात आपोआप उजव्या बरगडीखाली जातो. यंदाही गेला. सकाळी विहिरीवर कळशी भरताना सहज वर बघितलं, तर गडद हिरव्या पानांच्या आत, अगदी खोडाला चिकटून, एक फळ तांबडं झालेलं. काल संध्याकाळी ते हिरवं होतं. रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, माणसाला कळवून पिकत नाहीत. एक दिसला म्हणेपर्यंत आठवड्यात सगळं झाड पेटतं आणि मग बाईमाणसाला पाठ टेकायची सोय राहत नाही.

बरगडीखाली आता काही नाही. म्हणजे जे होतं ते नाही. चार बारीक व्रण आहेत, डास चावून गेल्यासारखे. एवढ्याशा भोकांतून माझी पित्ताची पिशवी बाहेर काढली, यावर आमच्या आक्कांचा अजून विश्वास बसलेला नाही. "कोंबडो साफ करतानासुद्धा ह्याच्यापेक्षा मोठा भोक पाडूक लागता," असं त्यांनी दवाखान्यातल्या नर्सला तोंडावर सांगितलं होतं. आक्का म्हणजे माझ्या नणंद, ह्यांच्या थोरल्या बहीण. यजमान गेल्यापासून त्या आमच्याकडेच असतात. घरात शेवटचा शब्द त्यांचा असतो, आणि पहिलाही. मधले शब्द मी आणि आमचे हे वाटून घेतो.

खाडीकाठच्या आमच्या गावात आंब्याचा मोसम पुरुषांचा आणि रातांब्यांचा बायकांचा. आंब्याला पेटी लागते, गाडी लागते, फोनवर मोठ्याने बोलावं लागतं. रातांब्याला फक्त ऊन, मीठ आणि कंबर लागते. फळ फोडायचं, आतल्या बिया आणि गर मिठात घालून ठेवायचा, साली खळ्यात, घरापुढच्या अंगणात, उन्हात पसरायच्या. मिठात सुटलेल्या त्या लालभडक रसाला आम्ही आगळ म्हणतो. सुकलेल्या साली त्या आगळात बुडवायच्या, पुन्हा उन्हात घालायच्या, पुन्हा बुडवायच्या. अशा एका बुडवण्याला एक पुट म्हणायचं. पुटामागून पुट चढत गेलं की सालीचं सोल होतं, काळंभोर, मऊ, मीठ आणि आंबट एकमेकांत मुरलेलं. दीड महिना माझे हात कुणाचा तरी खून करून आल्यासारखे दिसतात. पाव्हणे आले तर मी आधी हात मागे लपवते आणि मग चहा विचारते.

पुटं किती द्यायची याला नियम नाही. ऊन कडक असेल तर चार पुरतात, समुद्रावरून मळभ येत असेल तर पाच लागतात, एखाद्या ओलसर वर्षी सहा. एक कमी पडलं तर सोलाला पावसाळ्यात बुरशी धरते. एक जास्त झालं तर आमटीत मीठ घालायचं विसरलं तरी चालतं, इतकं खारट. ते जिभेला कळतं, आणि आमच्या घरात ती जीभ अठ्ठावीस वर्षं माझी आहे. मुंबईची जाऊ, बेळगावचा दीर, पुण्याची लेक केतकी, सगळ्यांच्या आमट्या आणि सोलकढ्या माझ्या जिभेवर चालतात. हे मी कुणाला बोलून दाखवत नाही. दाखवायची वेळच येत नाही, कारण दर वर्षी मोसम आला की सगळे आपणहून म्हणतात, "तुझ्यासारखी सोलं कुणाला जमत नाहीत." मी खाली मान घालून "छे हो" म्हणते आणि आणखी एक टोपली फोडायला घेते. माणसाला मूर्ख बनवायचं असेल तर त्याचं कौतुक करावं, काम पडून राहत नाही.

तर गेल्या वर्षी पहिला रातांबा लाल झाला त्या आठवड्यात मी घावणे केले होते. सोबत नारळाचा गूळ घातलेला रस. मी आठ घावणे खाल्ले. सहा लिहिणार होते, पण आता पिशवीच उरली नाही तर खोटं कशाला बोलू. तासाभराने उजव्या बरगडीखाली कळ आली. कळ या शब्दाने तिचं काही होत नाही. आमच्याकडे विळीला आडाळी म्हणतात, पुढे नारळ खवायचं दातेरी पातं असलेली. कुणीतरी माझ्या पोटात आडाळी मांडून बसलंय आणि नारळाची कवड फिरवून फिरवून, सावकाश, अगदी तळापर्यंत खवतंय, असं झालं. खवता खवता ते पाठीतून उजव्या खांद्यापर्यंत पोचलं. मला बसवेना, झोपवेना, उभं राहवेना. शेवटी मी खळ्यात गुरासारखी फेऱ्या मारू लागले.

"फणस खाल्लंस?" ह्यांनी विचारलं.

"नाय."

"मगे वायू."

आमच्या घरात दोनच आजार आहेत, फणस आणि वायू. तिसरा आजार झालेलं माणूस आम्ही अजून पाहिलेलं नाही. ओवा झाला, हिंगाचं पाणी झालं, आक्कांनी पोटावर गरम मिठाची पुरचुंडी फिरवली. दोन तासांनी कळ जशी आली तशी गेली, आणि गेल्यावर इतकं बरं वाटलं की मी उरलेला रस प्याले.

तिसऱ्यांदा कळ आली तेव्हा हे मला मालवणला घेऊन गेले, सोनोग्राफीला. डॉक्टर माझ्या लेकीच्या वयाचा. पोटावर थंडगार चिकट काहीतरी लावलं, पडद्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "काकी, सात दिसतायत. मागे लपलेले असतील ते वेगळे." मला उगाचच थोडा अभिमान वाटला. मी आयुष्यात कधी एकावर थांबलेली नाही.

तिथून ओरोसला, सर्जनकडे. ते घाटावरचे, शांत, बोलण्याआधी चष्मा पुसणारे.

"पिशवी काढावी लागेल," ते म्हणाले.

"खडे काढा. पिशवी राहू दे," मी म्हटलं. सरकारी किंवा डॉक्टरी माणसांसमोर मी पुस्तकातलं मराठी बोलते. "पिशवी चांगली असेल."

"खडे पिशवीच तयार करते. ती ठेवली तर पुन्हा करील."

त्या पिशवीबद्दल मला एकदम आपुलकी वाटली. कुणी सांगितलेलं नसताना रोज थोडं थोडं करून साठवत राहणारी, आणि तिच्या साठवणीचा कुणाला उपयोग नाही. अशा बाया मी पाहिल्या आहेत. एक तर आरशातच.

"मग कधी करूया?" सर्जननी विचारलं.

"पाऊस लागल्यावर. आता मोसम आहे."

"हॉटेल आहे का तुमचं?"

"नाही. रातांबे."

त्यांनी पेन खाली ठेवलं, चष्मा पुसला आणि माझ्याकडे असं बघितलं की जणू खडे पोटात नसून वर कुठेतरी असावेत.

आता त्यापुढचा भाग मी कधीच कुणाला सांगितला नसता. पण तो गावात सगळ्यांना ठाऊक आहे, मग मीच लिहिलेला बरा. निदान अतिशयोक्ती कमी होईल.

घरी आलो तेव्हा आक्का पायरीवर वाट बघत होत्या. ऑपरेशन म्हटल्याबरोबर त्यांनी पदर खोचला. "डॉक्टर दुसरा काय सांगतलो? तेंका भोकां पाडूची असतत. आमच्या ह्यांचो खडो मी कुळथान पाडलंय. एकवीस दिवस. माका शिकव नको." आक्कांच्या यजमानांना मूतखडा झाला होता, हे खरं. तो पडला होता, हेही खरं. पण सर्जनने 'पित्ताशयातले खडे' म्हटलं होतं आणि त्यातलं 'खडे' एवढंच आम्ही दोघांनी घरी आणलं. पित्ताशय आम्ही बहुतेक बसमध्ये विसरलो. मी दहावी पास आहे. ह्यांनी ग्रामपंचायतीत दहा वर्षं काढली. आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही की खडा कुठला, जाणार कुठून. खडो तो खडो.

आणि खरं सांगायचं तर मला ते डोक्यात यायलाच नको होतं. कुळीथ पीत पीत रातांबे फोडता येतात. टेबलावर आडवं पडून फोडता येत नाहीत.

सकाळी उपाशीपोटी कुळथाचं पाणी, दुपारी कुळथाची पिठी, संध्याकाळी कुळथाचं सार. पिठी मला आवडते, पण आवडीच्या माणसालाही आपण तीन वेळा घरी बोलावत नाही. दहाव्या दिवशी माझ्या घामाला कुळथाचा वास येऊ लागला. शेजारची म्हैस माझ्याकडे आशेने बघायची. आणि पुढचं लिहायला लाज वाटते, पण न्हाणीघरात जाताना दर वेळी मलमलचा तुकडा आणि जुना तांब्या घेऊन जायचं, आणि तुकडा उजेडात धरून तपासायचा, अशी आक्कांची सक्त ताकीद होती. "खडो गुपचूप जाता. साक्षीक कापड होया."

एकोणिसाव्या दिवशी कापडावर कण दिसला. मुगाएवढा, टोकदार, तांबूस.

मी हाक मारायच्या आधीच आक्का दाराशी उभ्या होत्या. त्यांनी कापड माझ्या हातातून ओढलं आणि खळ्यात जाऊन ओरडल्या, "पडलो गो पडलो! विनू, नारळ हाड!"

विनू म्हणजे आमचे हे. ह्यांनी नारळ आणला, देवापुढे ठेवला, गाऱ्हाणं घातलं, फोडला. शेजारच्या दोघीजणी हात पुसत आल्या. कण काडेपेटीत कापसावर ठेवून सगळ्यांना दाखवण्यात आला. "रंग बघलास? पित्ताचो रंग," हे म्हणाले. कुणी हात लावत नव्हतं, नव्या बाळाला बघावं तसं लांबूनच बघत होते. मला तर भरून आलं. इतक्या कौतुकाने माझ्या पोटातून आलेल्या गोष्टीकडे लोकांनी केतकीच्या जन्मानंतर बघितलं नव्हतं.

त्या आनंदात मी दुपारी तळलेला बांगडा खाल्ला. एकोणीस दिवसांनी. अंगावर रवा लावलेला, कडेने कुरकुरीत, आत तिरफळाचा वास. तीन वाजता आडाळी पुन्हा मांडली गेली. मी भिंतीला डोकं टेकून कण्हत होते आणि आक्का माझ्या पाठीवरून हात फिरवत खुशीत म्हणत होत्या, "दुसरो पडता वाटता."

काडेपेटी घेऊन आम्ही पुन्हा मालवणला गेलो. तोच मुलगा, तोच चिकट गारवा. पडद्यावर सातच्या सात जागच्या जागी. मग त्याने काडेपेटी उघडली. दिव्याखाली कण फिरवून बघितला, नखाने खरवडला. नखाखाली लाल माती आली.

"काकी, न्हाणीघर कसलं आहे तुमचं?"

"जांभ्याचं."

"आतून गिलावा केलाय?"

"अर्धाच," ह्यांनी सांगितलं. "अर्धो रवलो."

डॉक्टरने काडेपेटी मिटली आणि दोन्ही हातांनी, अगदी आदराने, ह्यांच्याकडे परत दिली. "हा खडा काकींचा नाही. तुमच्या भिंतीचा आहे." मग एका कागदावर त्याने माझं पोट काढलं. ही पिशवी, हे मूत्रपिंड, ही त्याची वाट. ही वाट आणि ती पिशवी यांचा काही संबंध नाही. "कुळीथ शंभर वर्षं प्यालात तरी हा खडा त्या वाटेला जाणार नाही. आणि काकी, मधल्या काळात हा कुठे भलतीकडे अडकला ना, तर कावीळ होईल, सूज येईल. थट्टा नाही."

परतीच्या बसमध्ये हे गावाच्या फाट्यापर्यंत काडेपेटी मांडीवर धरून बसले. उतरताना म्हणाले, "तरी कुळीथ वायट नाय."

तुम्हाला वाटेल, आता तरी बाई शहाणी झाली असेल. झाले नाही. उलट मी आणखी हट्टाला पेटले. एकदा गावभर हसू झालं की माणूस मऊ तरी पडतो नाहीतर दगड होतो, आणि दगड करण्यात मी आधीच तरबेज होते. तेल बंद केलं, नारळ बंद केला. ज्या घरात नारळ बंद होतो त्या घरात कोण कशाला जगतं हा प्रश्न बाजूला ठेवून मी पेज आणि उकडलेला दुधी खात होते आणि टोपल्या फोडत होते. शेजारून बांगडे भाजल्याचा धूर यायचा. मी त्या धुराकडे पाठ करून बसायचे. पण धुराला पाठ काय आणि पोट काय, सारखंच.

केतकी पुण्याहून रोज फोन करायची.

"आई, तू घाबरतेस."

"मी? म्हैस व्यायला अडली होती तेव्हा कोपरापर्यंत हात कुणी घातला होता?"

"मग ऑपरेशन कर ना."

"मोसम गो..."

"मोसम, मोसम! दर वर्षी येतो तो मोसम. तू दर वर्षी येणार आहेस का?"

मी फोन ठेवून दिला. कुणी खरं बोललं की आमच्याकडे नेटवर्क जातं.

घाबरत होते का? कापाकापीला थोडी. भूल देतात तिला जास्त, कारण भुलीत माणूस काय बडबडेल सांगता येत नाही आणि आक्का बाहेरच बसलेल्या असणार. पण साली उलटता उलटता मी स्वतःला विचारलं तेव्हा उत्तर वेगळंच आलं. अठ्ठावीस वर्षांत मी दिवसाउजेडी आडवी पडलेली नव्हते, एक केतकीची बाळंतपणाची खोली सोडली तर. मी पडले आणि घर अडलं, तर वाईट. आणि मी पडले आणि घर काही न अडता चाललं, तर? मग इतकी वर्षं मी नक्की काय करत होते? सोलं खराब होण्याची भीती मी मोठ्याने सांगत होते. सोलं चांगली होण्याची भीती मला त्याहून मोठी होती, आणि ती सांगण्यासारखी नव्हती.

मे महिना सरत आला. समुद्रावरून दुपारी ढग यायला लागले, अजून पांढरे, रिकामे, पण यायला लागले. खळ्यात शेवटच्या मोठ्या खेपेच्या साली पसरलेल्या होत्या, दोन पुटं झालेल्या. भर दुपारी मी त्या उलटत होते आणि कळ आली. या वेळी कळ आल्यावर फेऱ्याही मारता येईनात. मी होते तिथे, सालींच्या मधोमध बसले आणि मग कलंडले. ओकारी आली, अंगात हुडहुडी भरली. हे माडाखालून धावत आले आणि माझे हात बघून मटकन खाली बसले. माझे हात कोपरापर्यंत लाल आणि मी पोट धरलेलं. "रगत!" एवढंच त्यांच्या तोंडातून आलं. अशा वेदनेतही मला त्यांना सांगावं लागलं, "आगळ आसा ता, आगळ. रिक्षा बोलवा."

ओरोसला सर्जननी दोन दिवस ठेवून घेतलं. सलाईन, इंजेक्शनं, पुन्हा सोनोग्राफी. तिसऱ्या दिवशी चष्मा न पुसताच बोलले. "पिशवी सुजली होती. आत्ता औषधाने उतरतेय. पुढची कळ विचारून येणार नाही. या शुक्रवारी करून टाकू. आता पावसाची वाट बघू नका."

मी होय म्हटलं. एका दमात. मलाच नवल वाटलं. सालींमध्ये कलंडले तेव्हा माझ्या गालाखाली एक साल चिकटली होती, आणि त्या अवस्थेत मी ती जिभेवर घेऊन बघितली होती, पुट चढलंय का म्हणून. ते आठवलं आणि वाटलं, ही बाई मरेल. हसत हसत, कौतुक ऐकत ऐकत, एक दिवस मरेल.

बाहेर व्हरांड्यात हे आणि आक्का बसले होते. मी सांगितलं, "शुक्रवारी करतत. मी होय म्हटलंय."

ह्यांनी खिडकीतून आभाळाकडे बघितलं. मग माझ्याकडे. मग पुन्हा आभाळाकडे. "कळ तर थांबली मां आता? आणि धाईक दिवस. एवढो मोसम काढ, शुभा. मगे बघूया."

आक्कांनी मान हलवली. "सोलां अर्ध्यार आसत. तुझ्याशिवाय पुट कोण बघतलो?"

मी त्या दोघांकडे बघतच राहिले. वाईट माणसं नाहीत ती. दोन रात्री बाकावर बसून काढल्या होत्या त्यांनी माझ्यासाठी. आणि ते बोलत होते त्यातला एकही शब्द त्यांचा नव्हता. सगळे माझे होते. दीड महिना, नव्हे अठ्ठावीस वर्षं, मीच त्यांना घोकवून घेतलेले. मोसम काढूया. माझ्याशिवाय कोण बघणार. माझ्या तोंडून ते वाक्य किती थोर वाटायचं! दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं आणि अंगाची लाही झाली.

"कुसांदेत," मी म्हटलं.

"काय?"

"सोलां कुसांदेत. रातांबे झाडार सुकांदेत. शुक्रवारी म्हणजे शुक्रवारी."

"रागान बोलतंस तू."

"रागान नाय, पोटान बोलतंय. इतकी वर्सां जिभेन बोललंय, आता पोटान."

आक्का काहीतरी बोलायला गेल्या. मी म्हटलं, "आक्का, भिंतीच्या खड्याक नारळ फोडलास तुमी. आता माझ्या खड्यांचा माका बघू देत." आक्कांनी खोचायला घेतलेला पदर सोडून दिला.

चार दिवसांसाठी घरी आले, तर दोन दिवस नुसते फोन. मुंबईची जाऊ: "अगो बाई, ऑपरेशन! मग यंदा सोलं?" मी म्हटलं, "तुमच्याकडे दुकानात मिळतात." बेळगावच्या दिरांनी होमिओपॅथीचा पत्ता दिला. गावातल्या एकाने माझ्या परसातलं कुठलंसं पान चघळायला सांगितलं. जे लोक महिनाभर 'काढून टाक गो' म्हणत होते तेच आता 'घाई कित्या' म्हणू लागले. मी एका जागी बसून सगळ्यांना नाही म्हटलं. नाही म्हणायला इतकी मजा येते हे मला पन्नाशीत कळलं. बांगड्याइतकीच चव आहे त्याला, आणि तेल अजिबात नाही.

ह्यांना मात्र एक आशा होती. पित्ताची पिशवी गेली की बायको शांत होईल, अशी कुणीतरी त्यांची समजूत करून दिली होती. वर्ष झालं. ते अजून वाट बघतायत. मी आता बांगडे खाते, दोन, आठ घावणे मात्र नाही. रातांबे पिकायला लागलेत आणि काल मी ह्यांना सांगून टाकलं की यंदा टोपल्या फोडायला मी बसेन, साली उलटायला उन्हात मी उभी राहणार नाही. "आणि पुटां?" त्यांनी विचारलं. मी नुसतं त्यांच्याकडे बघितलं. त्यांना उत्तर ठाऊक आहे. त्या शुक्रवारीच कळलंय.

त्या शुक्रवारी पहाटे, ऑपरेशन करू नको म्हणणाऱ्या आक्का सगळ्यांच्या आधी इस्त्रीची साडी नेसून पिशवी घेऊन तयार होत्या. ह्यांनी साली आत घेऊन दुपारी दवाखान्यात यायचं ठरलं, केतकी संध्याकाळच्या बसने पोचणार होती. दवाखान्यात नर्सने कागद पुढे केला, नातेवाईकाची सही म्हणून. आक्कांनी तो उलटसुलट बघितला. "खडे मोजून परत देतले, असा खंय लिवलाहा?" नर्सने समजावलं, मग त्यांनी सही केली, इतकी जोरात की पेन मागच्या कागदावर उमटलं. मला हिरवा झगा घातला. बोटाला ते चिमट्यासारखं यंत्र लावलं, तर ते काही दाखवेना. नर्सने दुसरं बोट घेतलं, तिसरं घेतलं.

"काकी, मेंदी काढलीय?"

"रातांबे."

शेवटी पायाच्या बोटाला लावलं, तेव्हा यंत्राला मी जिवंत असल्याचं पटलं.

आत न्यायला माणूस आला आणि तेवढ्यात आक्कांच्या हातातला माझा फोन वाजला. हे. मागे माडाच्या झावळ्यांचा आवाज येत होता, म्हणजे खळ्यात उभे होते.

"शुभा, चवथा पुट दिला. सुकला पण. आणि एक देऊ काय?"

माझ्या तोंडाशी दहा प्रश्न आले. कडा वळल्या का, बोटाला मीठ लागतं का, आगळ तळाचं घेतलं की वरचं. नर्स हाताने खूण करत होती, फोन द्या, फोन द्या.

"जिभेर ठेवलात?" मी विचारलं.

"मी?"

"मगे कोण? ठेवा."

पलीकडून साल चोखल्याचा आवाज आला. अठ्ठावीस वर्षांत ह्या माणसाने खळ्यातली साल कधी तोंडात घातली नव्हती. जेवणाच्या ताटात आयती आलेली तेवढी.

"आणि एक होया, असा वाटता," ते म्हणाले.

"वाटता, की होया?"

पुन्हा साल चोखल्याचा आवाज आला. नर्सने माझ्या कोपराला हात लावला.

"होया," ते म्हणाले.

त्या आठवड्याचं ऊन मी खिडकीतून रोज बघितलं होतं. चार पुरेशी होती. पाचवं दिलं की खारट होणार, हे मला तिथे, हिरव्या झग्यात, साल न चाखता कळत होतं.

"मगे द्या," मी म्हटलं, फोन आक्कांच्या हातात दिला आणि आत गेले.